शिळेवरची बावीस नावं

भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची ४९ नावं आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' येतं; ही नावं महारांची. एखाद्याची दाद लागली नाही की त्याच्यापाशी पुरावा नसेल, असं आपण सहज म्हणून टाकतो. इथे तर पुरावा सरकारनेच दगडात कोरून ठेवला होता. तरीही १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये पूर्वीच्या चाकरीचा हवाला देत अर्ज तयार केला. प्रश्न केवळ पगाराचा नव्हता. गावच्या शाळेत ज्या पोराला दाराबाहेर बसवत, त्याला पलटणीच्या शाळेत अक्षरओळख होई. भरती थांबली आणि तीही वाट बंद झाली.

यावर म्हणता येईल की सरकारला जातीशी देणंघेणं नव्हतं. 'लढाऊ जमातीं'चा सिद्धांत तेव्हाच्या सेनापतींना मनापासून पटला होता. पटला असेलही. पण महार लढाईत कमी पडले, असं त्यासाठी कोणी दाखवून दिलं नव्हतं. वरच्या जातींचे शिपाई त्यांच्यासोबत राहायला नाखूश, ही अडचण मात्र सरकारला लगेच ऐकू आली. दुसरा आक्षेप अर्जांच्या मवाळ भाषेवर घेतात. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे गेलेल्या अर्जात मागणी तरी किती होती? पोलिसात आणि फौजेत शिपायाची जागा, म्हणजे अगदी तळची पायरी. पण ज्याचं पेन्शन सरकारच्या हाती आणि गावातली जागा पाटलाच्या मर्जीवर, त्याने आवाज चढवायचा कुणाच्या बळावर? (आज त्या अर्जांतल्या राजनिष्ठेला नाक मुरडणं सोपं आहे.)

१९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. दरम्यान नवा पुरावा काही सापडला नव्हता. महायुद्धाला माणसं हवी होती. युद्ध संपलं आणि १९२१ पर्यंत ती पलटणही मोडली. बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, पुन्हा महायुद्ध चालू असतानाच. फरक एवढाच, की या खेपेस व्हाइसरॉयच्या संरक्षण परिषदेवर बाबासाहेब आंबेडकर होते, लष्करी शाळेत शिकवणाऱ्या एका सुभेदाराचे चिरंजीव.