जालन्याचा हिंवाळा आणि पाण्यावरचे कांदे

हिंवाळ्यांत घराच्या खिडकींत फूल फुलविण्याची हौस मूळची थंड देशांतली. बाहेर बर्फ पडलेलें, बागा उघड्याबोडक्या झालेल्या. अशा दिवसांत कांचेच्या उभट पेल्याच्या तोंडावर हायसिंथचा एक कंद बसवावयाचा, त्याच्या बुडाला पाणी लागतें न लागतें इतकेंच भरावयाचें, मुळें सुटेपर्यंत पेला अंधारांत व गारठ्यांत ठेवावयाचा आणि मग हळूहळू उजेडांत आणावयाचा. स्वीडनमधील त्रीवाल्द नांवाच्या गृहस्थानें १७३० च्या सुमारास या रीतीची हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविली. पुढें इंग्लंड-हॉलंडांतील मध्यम स्थितीच्या घरांतून असे पेले ओळीनें दिसूं लागले. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षें आधीं, १६३७ च्या फेब्रुवारींत, ट्यूलिपच्या कंदांचा सट्टा कोसळून हॉलंडांत पुष्कळांचे हात पोळले होते, ही कथा प्रसिद्धच आहे.

या फुलांचीं नांवें मात्र आमच्या मराठवाड्यास यापूर्वींच ठाऊक झालीं होतीं. फार्सी काव्यांत नर्गिस म्हणजे प्रियेचा डोळा, सुंबुल म्हणजे तिचे कुरळे केस, आणि लाला म्हणजे काळजावर डाग घेऊन फुललेलें तांबडें फूल. औरंगाबादचे वली आणि सिराज हे कवि याच परंपरेंत वाढले. सुंबुल म्हणजेच हायसिंथ. जालना-औरंगाबादच्या रसिकांनीं हीं फुलें शब्दांत हुंगलीं. दख्खनच्या काळ्या मातींत त्यांतलें एकही रानांत उगवत नाहीं. ज्या फुलाचा वास कधींहि घेतलेला नाहीं त्याच्या नांवानें मान डोलावणें, यांत थोडी गंमत आहे, आणि थोडें कारुण्यहि.

कंद प्रत्यक्ष आणावयाचे तर साधन काय होतें? १८०३ च्या सप्टेंबरच्या २ तारखेस कर्नल स्टीव्हन्सननें जालन्याचा किल्ला घेतला, त्याच महिन्याच्या २३ तारखेस असईची लढाई झाली, आणि पुढें जालन्यास हैदराबाद कंटिन्जंटची छावणी वसली. साहेबांबरोबर साहेबांची बागहि येते. परंतु आगुस्त-सप्टेंबरांत लंडनहून निघालेलें शिडाचें जहाज आफ्रिकेस वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून, चार-चार महिन्यांनीं मुंबईस लागे. तोंपर्यंत कंदाची काय दशा होत असेल ती सांगावयास नको. सुवेझचा कालवा १८६९ त उघडला, प्रवास आठवड्यांवर आला. तरी नांदगांवापासून पुढें बैलगाडीच. मनमाडहून जालन्यास आगगाडी आली ती १९०० च्या सुमारास, आणि १९०३ सालीं छावणी उठली! कंद येण्याची सोय झाली, तों कंदांची हौस असणारे लोकच निघून गेले.

पण खरी अडचण वाहतुकीची नव्हती. हायसिंथ किंवा ट्यूलिप यांच्या कंदांत पुढच्या फुलाचा अंकुर आधल्या उन्हाळ्यांतच तयार होऊन बसलेला असतो. तो नीट वर यावयास त्याला दहाबारा आठवडे सतत ९ अंशांखालची थंडी लागते. जालन्यास डिसेंबर-जानेवारींत रात्रीचा पारा साधारणतः १० ते १३ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारीं पुन्हां २८ अंशांवर जातो. कंदाला ही थट्टाच वाटत असावी. आज ज्याला हौस आहे तो कागदी पिशवींत कंद गुंडाळून फ्रीजमध्यें ठेवूं शकतो व फेब्रुवारींत फूल पाहूं शकतो. मात्र शेजारीं फळें ठेवूं नयेत, पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूनें आंतला अंकुर मरतो.

मेक्सिकोहून आलेल्या निशिगंधानें थंडीचा हा हट्ट कधींच धरला नाहीं. म्हणून तो इकडे रुजला, गुलछडी झाला, आणि लग्नाच्या हारांत असा मिसळला कीं त्याला परदेशी म्हणणें आतां कोणास सुचत नाहीं.

तथापि जालन्याच्या हिंवाळ्यांत खरोखर फुलणारा कंद निराळाच आहे, आणि तो रोज आपल्या पाटावर असतो. कांद्यालाहि फुलण्यास थंडी हवी असते. पण ती थोडकी, १० ते १५ अंशांची, म्हणजे नेमकी जालन्याच्या रात्रींइतकी. खाण्याच्या कांद्याला असा दांडा आला तर शेतकरी ‘डेंगळे आले’ म्हणून हळहळतो. बियाण्यासाठीं मात्र तोच दांडा मुद्दाम आणवितात. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत निवडक कांदे पुन्हां जमिनींत लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारींत शेतेंच्या शेतें पांढऱ्या गोंड्यांनीं भरतात. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. तेव्हांपासून हें गांव बियाण्यांसाठीं नांवाजलें, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कांदाबियाण्याचें पीक जालना-बुलढाणा या टापूंत आज अनेक कुटुंबांच्या वर्षाची बेगमी आहे.

त्यांतली काळजी पेल्यांतल्या फुलाला नसते अशी आहे. कांद्याच्या फुलांतले पराग आधीं पिकतात आणि त्याच फुलाची स्त्रीबाजू मागाहून तयार होते. त्यामुळें एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कीटकानें नेल्याखेरीज बीं भरत नाहीं. म्हणून शेताच्या बांधावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. फुलकिड्यांवर औषध मारावें तर मधमाशी मरते, न मारावें तर दांडे वाळतात. फवारणी संध्याकाळीं, माश्या परतल्यावर करावी, एवढीच वाट उरते; पण शेजाऱ्यानें सकाळीं फवारलें तर काय करावें?

कांचेचा पेलाहि अखेर जालन्यास पोंचलाच. शाळेच्या प्रयोगशाळेंत बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवून मुलें मुळें सुटण्याची वाट पाहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तीं पांढरीशुभ्र मुळें पाण्यांत उतरलेलीं दिसतात. तास संपला कीं तो कांदा फेंकून देतात. शेतांतले गोंडे मात्र एप्रिलांत वाळतात, त्यांतून काळें बीं डोकावूं लागतें, आणि तें झडून जाण्याआधीं, सकाळच्या गारव्यांत, एकेक गोंडा खुडून घ्यावा लागतो.