शाळा अंगणात गेली तेव्हा

अंगणवाडी हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे, की तो कुणा एका बाईच्या डोक्यातून निघाला हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतो तो वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि नोंदवह्यांचा ढीग. पण श्रोतेहो, हा शब्द ज्या अंगणातून आला ते अंगण खरोखरचं होतं. तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावातलं. वर्ष १९४५.

ती बाई म्हणजे ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. (मीही बी. ए.च आहे; पण त्या काळी बाईनं बी. ए. होणं आणि माझ्या काळी माझ्यासारख्यानं होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर.) राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. मानाची नोकरी होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला. हे गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला शिकवायचं कसं, या प्रश्नानं त्यांची वकिली सुटली आणि १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडलं.

त्या दोघांच्या पुढे आदर्श होता मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरीणबाईंचा. १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं होतं. मूल स्वतः साहित्य निवडील, हवा तितका वेळ त्यात रमेल आणि शिक्षकानं मध्ये मध्ये न करता बघत राहायचं, अशी ती पद्धत. आज हे कुठल्याही शाळेच्या जाहिरातीत वाचायला मिळतं. ज्या काळात छडी हाच मुख्य शैक्षणिक साहित्याचा भाग होता, त्या काळात हे बोलायला धाडस लागत होतं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार काढला.

इथवरची गोष्ट शहरातली, सुखवस्तू घरांतल्या मुलांची. माँटेसरीबाईंची सुरुवात गरिबांत झाली होती, पण त्यांचं ते गुळगुळीत लाकडी साहित्य महाग. आपल्याकडे आलं तेव्हा ते श्रीमंतांच्या पोरांपुरतं उरलं. ताराबाईंना हे खुपत होतं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला जाऊन राहिल्या. बरोबर आल्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, बालविधवा, पुण्यात शिक्षिकेचा अनुभव घेतलेल्या. त्याच १९४५ साली त्या टापूत गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढारपणाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. ज्या आईबापांचं अंगच त्यांच्या मालकीचं नव्हतं, त्यांच्या मुलांच्या आवडीनिवडीची चौकशी करायला या दोघी तिथे गेल्या होत्या.

बालवाडी उघडली, आणि ज्यांच्यासाठी उघडली ती मुलंच येईनात. गावातली बरी घरं पोरं पाठवत. दलितवाड्यातून कुणी येत नव्हतं. मोठी माणसं भल्या पहाटे मजुरीला जायची. घरात राहायची सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवर तिचं भावंड. अंगावर कपडा नाही, केसांत गुंता. अशी मुलगी नीटनेटक्या बालवाडीच्या दारात कशाला उभी राहील?

दुसरा कुणी असता तर त्यानं आईबापांना दोष दिला असता. आपल्याकडे ते सोपं जातं. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि वाड्यात, त्या मुलांच्या अंगणातच नेऊन मांडली. आधी आंघोळ, मग नखं, मग वेणीफणी, मग गाणी आणि खेळ. महागड्या साहित्याच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती. मोजायला शिंपला काय आणि इटलीचा मणी काय, गणित तेच!

पुढे १९५७ मध्ये हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेलं. तिथे आणखी एक अडचण. मुलं गुरं राखायला जात. मग शिक्षक फळा घेऊन गुरांमागं गेले. ती झाली कुरणशाळा. लहान भावंडांमुळे थोरली मुलगी अडकते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. तिचं नाव विकासवाडी. भावंड पाळण्यात, ताई शेजारी पाटीवर. मला या साऱ्या खटाटोपात ही युक्ती सर्वांत मोठी वाटते. मुलाचं हित म्हणजे काय, याचं उत्तर तिथे पुस्तकातून आलं नाही. त्या मुलीच्या कडेवर काय आहे ते पाहून आलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. ताराबाई मालवणला आल्या असत्या तर त्या शब्दाचं ‘खळावाडी’ झालं असतं, कारण आमच्याकडे अंगणाला खळाच म्हणतात. आणि त्यांना इथेही कुरण सापडलं असतं. जूनमध्ये शाळेची घंटा वाजते, त्याच पंधरवड्यात लावणीची घाई सुरू होते. पुढे रापण लागली की दोराला हात लागतात, आणि दोर ओढणाऱ्या पोरासोरांच्या टोपलीतही चार मासे पडतात. जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत पाहिलेलं पोर दुसऱ्या दिवशी बाकावर डुलक्या घेतं. त्याला शंकासुर तोंडपाठ असतो, पण त्याचे मार्क कुणी देत नाही. आमच्या शाळांचं वेळापत्रक या मुलांच्या दिवसाला विचारून कधी बनलंच नाही.

भाषेचंही तसंच. माझ्या लहानपणी किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतलं मूल घरात कोकणी बोलायचं, मदरशात अरबी आणि उर्दू गिरवायचं, रस्त्यावर मालवणी ऐकायचं आणि शाळेत त्याला पुस्तकी मराठी भेटायची. चार भाषा कानावर असलेलं मूल खरं म्हणजे श्रीमंत. शाळेत मात्र ते अशुद्ध ठरायचं. मी पुढे मराठीत कविता लिहू लागलो. माझ्याबरोबरची कितीतरी पोरं बाकावरून उठली ती थेट होडीत जाऊन बसली. कोसबाडला वारली मुलांची गाणी आणि नाच शाळेत आले होते. आमची गाणी शाळेच्या फाटकाबाहेरच राहिली.

सरकारनं ताराबाईंचा शब्द घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. त्यानं अनेक मुलं जगली, हे उपकार मोठेच आहेत. परंतु आहार आला, लस आली, आणि खेळ मागे राहिला. मग आईबापांना वाटू लागलं की तिथे काही शिकवत नाहीत, आणि तीन वर्षांची पोरं टाय लावून इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं कागदावर तरी ताराबाईंचंच म्हणणं उचलून धरलं: शिक्षण कृतीतून द्यावं, शक्यतो मातृभाषेतून द्यावं, मुलाच्या मनात भीती राहू नये, मारहाण करू नये.

आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची कल्पना पुढे आणली. तिची बाजूही ऐकायला हवी. पाच मुलांच्या शाळेत खो-खोचा डाव मांडता येत नाही, आणि एकाच गुरुजींनी चार वर्ग सांभाळायचे म्हणजे कठीणच. पण सिंधुदुर्गातलं गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. एक वाडी खाडीच्या अल्याड, दुसरी पल्याड, तिसरी सड्यावर. आषाढात वहाळ भरला की सहा वर्षांच्या पोरानं कुठून जायचं? गाडी देऊ, असं सांगितलं जातं. ती रस्त्यावर येईल, आणि रस्ता वाडीपासून लांब असेल.

बोर्डीचा तो वाडा बालवाडीपासून लांब नव्हता. एकाच गावात होता, चालत जाण्यासारखा. तरीही ती मुलं आली नव्हती.