टक्केवारीचा अंदाज आणि जुना सल्ला

घाटावरचं बुलढाणा असो की घाटाखालचं खामगाव-मलकापूर, एक सल्ला अजून ऐकू येतो: ‘फोन पूर्ण उतरू दे, मगच चार्जिंगला लाव.’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. ती सारखी अर्धवट वापरून चार्ज केली, की पुढे तेवढ्यावरच दम टाकायची.

१९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं नोबेल मिळालं. बॅटरी बदलली, सल्ला तोच राहिला. लोडशेडिंगच्या वर्षांनी आणखी एक सवय लावली: लाइट आली की १०० टक्के भरून घ्या.

लिथियमला मात्र दोन्ही टोकं मानवत नाहीत. १०० टक्क्यांवर तासन्‌तास लावलेला फोन आणि वर घाटाखालचं चाळिशीपार ऊन, म्हणजे बॅटरी लवकर झिजणार. २० ते ८०च्या दरम्यान ठेवली तर जास्त टिकते.

आणि ती टक्केवारी? बॅटरीतली वीज टाकीतल्या पाण्यासारखी काठी बुडवून मोजता येत नाही. चिप आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या करंटचा हिशोब ठेवते, व्होल्टेजशी ताडून बघते आणि अंदाज सांगते. बॅटरी झिजते, हिशोब जुन्याच क्षमतेचा राहतो; मग २० टक्के दाखवणारा फोन अचानक मान टाकतो.

अशा वेळी एकदा पूर्ण उतरवून सलग पूर्ण भरला, की हिशोब बराचसा जुळतो. गेलेली क्षमता परत येत नाही. जुन्या सल्ल्याचा आता एवढाच उपयोग उरलाय.