निंजा, पोस्टकार्ड आणि पुढच्या अंकाची वाट

आमच्या धंद्यात एक मंत्र आहे. आधी थोडंसं बनवा, लोकांपुढे टाका, ते काय म्हणतात बघा आणि मग पुढचं ठरवा. हे आपणच शोधून काढलं असा सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांचा गोड गैरसमज असतो. पण मंडळी, जपानात निंजांच्या गोष्टी लिहिणारे लोक हे 180 हून जास्त वर्षं करत आलेत.

आज विषय आहे 'नारुतो'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मासाशी किशिमोतो या चित्रकार-लेखकाची ही मांगा मालिका 21 सप्टेंबर 1999 ला 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली आणि 10 नोव्हेंबर 2014 ला 700व्या चॅप्टरवर संपली. एकूण 72 खंड. नायक एक अनाथ पोरगा. त्याच्या पोटात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा कोंडलेला, म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलेलं. आणि याला व्हायचंय त्याच गावाचा प्रमुख!

नवीन चॅप्टर आला की वाचक रडणार, चिडणार, 'लेखकाने वाट लावली' म्हणणार. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, केलंय. माझा प्रश्न वेगळा आहे. या प्रतिक्रियेचं पुढे होतं काय? ती गोष्टीत परत शिरते का?

थोडं मागे जाऊ. नारुतोतले जिराइया, त्सुनादे आणि ओरोचिमारू ही तीन नावं किशिमोतोची नाहीत. 1839 मध्ये एदो शहरात (म्हणजे आजचं टोकियो) लाकडी ठशांनी छापलेली एक सचित्र मालिका निघायला लागली. नायक जिराइया, बेडकाची जादू जाणणारा. त्याची बायको त्सुनादे, तिची जादू गोगलगायीची. शत्रू ओरोचिमारू, त्याची जादू सापाची. साप बेडकाला भारी, बेडूक गोगलगायीला भारी आणि गोगलगाय सापाला भारी. तिघांचा असा पेच! चित्राच्या आजूबाजूला जागा मिळेल तिथे मजकूर कोंबलेला, पुस्तिका स्वस्त, आणि एक भाग संपला की पुढच्याची वाट.

आता गंमत बघा. ही मालिका 1868 पर्यंत चालली. 29 वर्षं, 43 भाग, एकापाठोपाठ चार लेखक. मधेच 1852 मध्ये मोकुआमी या नाटककाराने तिच्यावर काबुकी नाटकही केलं. पण गोष्ट काही पूर्ण झाली नाही. लोक विकत घेत होते तोवर प्रकाशक काढत राहिला. वाचकाची प्रतिक्रिया मोजायचं तेव्हाचं साधन एकच: खप. आणि खप फक्त 'अजून हवं' एवढंच सांगतो. 'आता संपवा' हे तो कधीच सांगत नाही.

दुसरा टप्पा युद्धानंतरचा. सान्पेइ शिराटो या चित्रकाराने 1959 ते 1962 या काळात 'निंजा बुगेइचो' काढली. ही पुस्तकं दुकानातून भाड्याने आणून वाचायची असत, आपल्याकडच्या गल्लीतल्या लायब्ररीसारखी. गोष्ट सोळाव्या शतकातली: शेतकऱ्यांचे उठाव, आणि त्यांच्या बाजूने लढणारा एक निंजा, जो मेला मेला म्हणता पुन्हा उभा राहतो. नेमकं 1960 मध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानचे विद्यार्थी रस्त्यावर आले होते. पुढच्या काही वर्षांत या पिढीने त्या निंजात स्वतःला पाहिलं. 1967 मध्ये नागिसा ओशिमा या दिग्दर्शकाने याच मांगाच्या पानांवर नुसता कॅमेरा फिरवून अख्खा सिनेमा केला.

शिराटोची पुढची मोठी मालिका 'कामुइ-देन' 1964 ते 1971 या काळात 'गारो' मासिकात आली. तिचा नायक जातिव्यवस्थेच्या तळाशी ढकललेल्या समाजातला, आणि सुटकेसाठी निंजा झालेला. (मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको.) इथे वाचक 'मजा आली' एवढं म्हणून थांबला नाही. त्याने गोष्टीला अर्थ दिला, तिच्यावर वाद घातले. हा अर्थ मोजायचं मात्र कुठलंच यंत्र नव्हतं.

ते यंत्र आणलं जंपने. 1968 च्या जुलैमध्ये शुएइशा कंपनीने हे नियतकालिक सुरू केलं. नामवंत चित्रकार आधीच दुसऱ्यांकडे, म्हणून नवशिक्यांना घेतलं. मग कोण चालणार हे कसं ओळखायचं? तर अंकातच एक पोस्टकार्ड. या अंकातल्या सर्वांत आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवा. बस. ज्या मालिकेला मतं नाहीत ती दहा-वीस आठवड्यांत बंद. पहिल्या अंकाच्या 1 लाख 5 हजार प्रती होत्या, आणि 1994 च्या अखेरीस आकडा 65 लाख 30 हजारांवर गेला! मग 'ड्रॅगन बॉल' आणि 'स्लॅम डंक' संपल्या, खप घसरला, आणि 1997 मध्ये प्रतिस्पर्धी 'शोनेन मॅगझिन' पुढे गेलं. अशा घसरत्या काळात 1999 ला नारुतो आला.

आता किशिमोतोच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 15 वर्षांत 700 चॅप्टर म्हणजे वर्षाला सरासरी 46. आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये रडकुंडीला येतो. हा माणूस दर आठवड्याला जवळजवळ वीस पानांचं रिलीज करतोय, आणि हजारो मुलं पोस्टकार्डावर निकाल देतायत. सगळ्यांनी आपली दखल घ्यावी म्हणून धडपडणाऱ्या मुलाची गोष्ट, आणि ती लिहिणाऱ्याला दर आठवड्याला तीच परीक्षा!

माझं म्हणणं असं, की पोस्टकार्ड खोटं बोलत नाही, पण ते फक्त या आठवड्याबद्दल बोलतं. शेवटच्या पानावर छातीत धस्स झालं का, एवढं त्यावर नीट उमटतं. पाचशे चॅप्टरनंतर मनात काय उरलं, ते उमटत नाही. आमच्याकडे पण हेच होतं ना? जे मोजता येतं तेच सुधारत जातं, आणि जे मोजत नाही ते गुपचूप मरतं. नारुतोचं शेवटचं महायुद्ध वर्षानुवर्षं लांबलं. त्यातला एकेक चॅप्टर सुटा घेतला तर झकास, सलग वाचताना मात्र दमछाक होते.

आणि एक मोठा वाचकवर्ग तर या मोजणीत नव्हताच. ते पोस्टकार्ड जपानातल्या अंकात असायचं. अमेरिकेत इंग्रजी खंड इतके मागे होते की 2007 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर दरमहा तीन-तीन काढून, चार महिन्यांत 12 खंड छापून दरी भरावी लागली. जपानबरोबर त्याच दिवशी अधिकृत इंग्रजी चॅप्टर यायला 2013 उजाडलं. भारतात स्वस्त अधिकृत वर्गणी 2018 च्या डिसेंबरला आली, म्हणजे मालिका संपून चार वर्षांनी. तोवर आपण काय वाचत होतो ते सांगायला नको :) चाहत्यांनी स्कॅन करून, रात्र जागून केलेली भाषांतरं. जिराइया मेला तेव्हा जगभर पोरं हळहळली, पण त्या हळहळीला जपानमध्ये शून्य मत होतं. आणि पैसेही लेखकाला पोचत नव्हते, हेही खरं.

हे बदललं उशिरा. अॅनिमेच्या विसाव्या वर्षानिमित्त डिसेंबर 2022 मध्ये जगभरच्या वाचकांसाठी मतदान ठेवलं: आवडतं पात्र निवडा, जो जिंकेल त्याच्यावर किशिमोतो एक छोटी मांगा काढेल. वाटलं असेल नारुतो जिंकेल, नाहीतर सासुके किंवा काकाशी. जिंकला मिनातो! नारुतोचा बाप, जो गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेला आहे आणि 700 चॅप्टरमध्ये त्यामानाने थोडाच भेटतो. जुलै 2023 मध्ये त्याची आणि कुशिनाची गोष्ट जंपमध्ये छापून आली.

मला हा निकाल फार आवडतो. पोरगा वाचावा म्हणून स्वतः मेलेला बाप. साप्ताहिक मोजणीत असं पात्र शे-दोनशे चॅप्टर दिसतही नाही. पण वीस वर्षं जाऊ दिली आणि दारं सगळ्यांना उघडली, तेव्हा तळाशी काय साचलं होतं ते वर आलं.

तेव्हा वाचकाचं ऐकावं का? ऐकावंच. एदोतल्या प्रकाशकानेही ऐकलं होतं. फक्त कुठला प्रश्न विचारला आणि किती दिवसांनी विचारला, यावर उत्तर ठरतं. 'अजून हवं का?' विचारलं तर 29 वर्षांची अपूर्ण गोष्ट मिळते. 'या आठवड्यात मजा आली का?' विचारलं तर लांबलेलं महायुद्ध. आणि 'काय लक्षात राहिलं?' हे विचारायला आधी गोष्ट संपवावी लागते. किशिमोतोने ती संपवली. शेवट आवडला नाही म्हणून लोक आजही भांडतात. भांडू देत. जिराइयाच्या त्या जुन्या वाचकांना भांडायला शेवट तरी कुठे मिळाला होता?