अभंग, परिपाठ आणि न जोडलेले हात

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. पंढरपूरचाही त्यावर दावा आहे, पण त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमच्या विषयापुरते महत्त्वाचे हे, की नामदेवांचा अभंग मराठी शाळेत दोन वाटांनी येऊ शकतो : सकाळच्या परिपाठात हात जोडून, आणि मराठीच्या तासाला पुस्तक उघडून. शब्द तेच, मुले तीच. परंतु ज्या घरात देवधर्म मानला जात नाही, त्या घरातील मुलाला पहिल्या वेळी भक्त व्हावे लागते आणि दुसऱ्या वेळी वाचक. शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेला यांपैकी काय मागता येते, या प्रश्नाला आपल्याकडे जुना इतिहास आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत नरसी निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात 1918 साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र सक्तीचे होते आणि इतरांना त्याऐवजी नीतिशास्त्र. खर्च राज्याच्या तिजोरीचा, म्हणजे प्रामुख्याने मराठी, तेलुगू आणि कानडी रयतेचा. 1938 साली औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी संप केला. अनेकांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातील हा अध्याय गौरवाने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या भांडणाचा विषय 'कोणाची प्रार्थना' हा होता. प्रार्थनाच नको असलेला विद्यार्थी त्या राज्याच्या हिशेबात कोठेच नव्हता. जो मुसलमान नाही तो 'इतर', एवढीच त्याची नोंद.

ब्रिटिश मुंबईतही चित्र फारसे निराळे नव्हते. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुण धनजीभाई नौरोजी यांनी 1839 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाज न्यायालयात गेला. पुढे 1843 साली श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाचे प्रकरण उभे राहिले. त्याला पित्याच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी धर्ममार्तंडांचा रोष पत्करला. 1854 च्या वुडच्या खलित्याने अनुदान देताना शाळेच्या धर्माकडे पाहू नये, लौकिक शिक्षणाचा दर्जा पाहावा, असे ठरवले. या साऱ्यामागील भीती एकच : मूल एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाईल. ज्यांची प्रेतयात्रा विरोधकांनी त्यांच्या हयातीत काढली ते आगरकर पुढे 1892 ते 1895 या काळात फर्ग्युसनचे प्राचार्य होते. पण नास्तिक माणसाने संस्था चालवणे वेगळे, आणि नास्तिक घराने दुसऱ्याच्या संस्थेत मूल धाडणे वेगळे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 वर हा वारसा दिसतो. मसुद्यात तो बाविसावा होता आणि 7 डिसेंबर 1948 रोजी त्यावर चर्चा झाली. पूर्णतः शासकीय खर्चाच्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही, हे पहिले कलम. मान्यताप्राप्त अथवा अनुदानित संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षण घेण्याची वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती नाही, अल्पवयीन असल्यास पालकाची संमती हवी, हे तिसरे. अनुदान घेणारी मिशनची शाळा असो वा एखाद्या मठाची, तिला हे लागू आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या कलमाची वाक्यरचना पाहावी. पालकाने 'नको' म्हणून अर्ज करावा, असे तेथे नाही. पालक 'हो' म्हणेपर्यंत उत्तर 'नाही' आहे. आपल्या शाळांत नेमके उलटे घडते. मौन ही संमती समजली जाते, आणि मूल 'आपल्याच' धर्मातले असले की विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नाशिकमधील, सावित्रीबाई फुले यांचे नाव असलेल्या, एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी त्यांना नाकारण्यात आली. नोव्हेंबर 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांचा भंग ठरवली. पुढल्याच वर्षी याच न्यायालयाने, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि शासनाने धर्म लिहिण्याची सक्ती करू नये, असा निर्णय दिला. प्रवेश-अर्जातील धर्माच्या रकान्यासमोर अडखळणाऱ्या पालकांना तो माहीत असावा. शिक्षकापाशी नोकरीची कागदपत्रे होती आणि न्यायालयात जाण्याची जिद्द होती. दहा वर्षांच्या मुलापाशी रांगेतली आपली जागा असते, आणि शेजारच्याची नजर.

मग मराठीच्या तासाचे काय? अभंग अभ्यासक्रमातून काढावेत काय? आमचे उत्तर ठाम नकाराचे आहे, आणि त्याला आधारही आहे. गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्याविषयीच्या 1971 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, संतांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सांगितले. 2002 साली अरुणा रॉय यांच्या याचिकेतही न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण आणि धर्माचे शिक्षण यांत फरक केला. इंग्रजीत 'एज्युकेशन' व 'इन्स्ट्रक्शन' असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण 'शिक्षण'च म्हणतो, आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो. केंद्रीय विद्यालयांतील सकाळच्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेवर जबलपूरच्या एका वकिलाने आक्षेप घेतला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तो विषय घटनापीठापुढे जावा असे म्हटले. उपनिषदातले वचन वाचावे की म्हणावे, हाच तो पेच.

नरसीपासून फार दूर नसलेल्या औंढा नागनाथाची कथा आम्ही वर्गात नेहमी सांगतो. विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडले आहेत, नामदेव रागावतात, विसोबा म्हणतात, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. वर्गात या कथेवर मुले भांडतात. कोणी अद्वैत काढते, कोणी म्हणते विसोबा थट्टा करीत होते, आणि एखादी मुलगी विचारते, की देव नाहीच असे मानले तर नामदेवांनी ते पाय कोठे ठेवायचे. त्या तासाला हा प्रश्न विचारता येतो.