ग्लिव्हेक एकस्व विवाद

ग्लिव्हेक एकस्व विवाद : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब औषधाच्या एकस्वावरून (पेटंटवरून) भारतात झालेला न्यायालयीन संघर्ष. विकसनशील देशातील रुग्णांच्या संस्थेने साहाय्याची याचना न करता पक्षकार म्हणून औषधाच्या किंमतीचा प्रश्न न्यायासनापुढे मांडला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

१९७० च्या एकस्व अधिनियमानुसार औषधाच्या निर्मितिप्रक्रियेस एकस्व मिळे, खुद्द औषधास मिळत नसे. त्यामुळे देशी कंपन्या निराळ्या प्रक्रियेने तीच औषधे स्वस्तात बनवीत. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून ही स्थिती पालटली. तत्पूर्वी १९९८ मध्ये नोव्हार्टिस या स्विस कंपनीने इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी अर्ज केला होता. २००३ मध्ये तिला विक्रीचा अनन्य अधिकार मिळाला व काही देशी कंपन्यांवर न्यायालयीन मनाई आली. कंपनीच्या औषधाला दरमहा सुमारे १,२०,००० रु., तर देशी औषधाला ८,००० ते १०,००० रु. पडत. ते रोज व बहुधा अनेक वर्षे घ्यावे लागते. आपण बहुसंख्य रुग्णांना औषध विनामूल्य देतो, असे कंपनीचे म्हणणे होते. तथापि असे दान चालू ठेवणे वा थांबविणे दात्याच्याच हाती राहते.

वाय. के. सप्रू यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेली मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मूलतः गरीब रुग्णांना मदत करणारी संस्था. एकस्व देण्यापूर्वी कोणाही व्यक्तीस हरकत घेता येते, या तरतुदीचा आधार घेऊन तिने लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांच्या साहाय्याने चेन्नईच्या एकस्व कार्यालयात विरोध नोंदविला. देशी कंपन्यांनीही हरकती घेतल्या. त्यांचा व्यापारी स्वार्थ उघड होता, म्हणूनच रुग्णसंस्थेच्या उपस्थितीला महत्त्व आले. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढली नसेल, तर त्यास एकस्व नाकारणाऱ्या कलम ३ (घ) च्या वैधतेस कंपनीने दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये अमान्य केले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. औषधाच्या संदर्भात परिणामकारकता म्हणजे रोगनिवारक परिणामकारकता. शरीरातील उपलब्धता ३० टक्क्यांनी वाढते, एवढ्याने ती सिद्ध होत नाही, असे न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने ठरविले.

निर्णयाची व्याप्ती मर्यादित आहे. इमॅटिनिबचे मूळ संयुग १९९५ पूर्वीचे असल्याने त्यास भारतात एकस्व नव्हते. त्यानंतरच्या सर्वस्वी नव्या कर्करोग-औषधांना कलम ३ (घ) चा अडसर होत नाही. सोराफेनिब या औषधाबाबत मार्च २०१२ मध्ये सक्तीच्या परवान्याचा वेगळा मार्ग अवलंबावा लागला.