कंटेनर-आधारित बिल्ड

कंपायलर, लायब्रऱ्या व इतर साधने यांच्या आवृत्त्या एका मसुद्यात नमूद करून, त्या मसुद्याबरहुकूम उभारलेल्या बंदिस्त परिसरातच, म्हणजे कंटेनरमध्येच, मूळ कोडपासून प्रोग्राम सिद्ध करण्याची पद्धती. कोडमधील प्रत्येक बदल दाखल होताच सर्व्हरने तो आपोआप बांधून तपासावा, या कंटिन्युअस इंटिग्रेशनच्या, म्हणजे बोलीतल्या सीआयच्या, व्यवस्थेत तिचा विशेष उपयोग होतो.

तिची निकड मुंबई उपनगरांतील पवईच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातील प्रभु रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांची पायएसपीएच ही द्रवगतिकीय गणनेची मुक्तस्रोत प्रणाली, पायथनमध्ये लिहिलेल्या समीकरणांवरून आयत्या वेळी सायथन कोड निर्माण करून तो वापरणाऱ्याच्याच यंत्रावरील कंपायलरकडून बांधून घेते. त्यामुळे लिनक्स, विंडोज व मॅकओएस या तिन्हींवर तिची परीक्षा त्या त्या ठिकाणच्या कंपायलरचीही परीक्षा ठरते, आणि ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ ही सबब तेथे निरुपयोगी होते. रामचंद्रन यांचे ऑटोमॅन (२०१८) हे साधन शोधनिबंधातील गणना व आकृत्या पुन्हा निर्माण करण्याची कार्यपद्धती निश्चित करते. कंटेनर निश्चित करतो तो केवळ परिसर.

युनिक्सच्या सीएचरूट (१९७९) या सिस्टम कॉलमध्ये बंदिस्त परिसराच्या या कल्पनेचे मूळ असले, तरी तिचा सार्वत्रिक प्रसार डॉकर (२०१३) या कंटेनर-साधनामुळे झाला.

कंटेनर वापरला म्हणजे फलित अक्षरशः एकच येईल, हा समज मात्र भाबडा आहे. मसुद्यात ‘लेटेस्ट’ लिहिले, तर आज मिळालेली कंटेनरची प्रतिमा (इमेज) उद्या मिळेलच याची हमी नसते. म्हणून तिची शा-२५६ मुद्रा, ६४ अंकाक्षरी, नोंदवावी लागते. मुलुंडमध्ये पहाटे ४ वाजता केलेल्या बिल्डवर यूटीसीप्रमाणे आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि फाइलमध्ये शिरलेला एवढा वेळही दोन प्रतींत भेद पाडण्यास पुरतो. त्यासाठी ‘सोर्स डेट एपॉक’ या चलाने तो गोठवण्याची तजवीज आहे.

पायथनच्या मेनीलिनक्स (२०१६) योजनेत जाणूनबुजून सेंटओएस ५ या जुन्या लिनक्सचा परिसर स्वीकारला होता, कारण जीलिबसी या सी लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेले नव्यावर चालते, उलट सहसा नाही. शिवाय कंटेनर यजमान यंत्राचाच कर्नल वापरत असल्याने विंडोज कंटेनरास विंडोजच लागते. मॅकओएससाठीचे बिल्ड आजही बहुधा प्रत्यक्ष मॅकवरच करतात.